घराबाहेर वापरावयाची एक्स्टेन्शन वायर

शेतकऱ्याचें घर म्हणजे केवळ चार भिंतींच्या आंतील जागा नव्हे. अंगण, गोठा, पडवी, परसांतील आड आणि कडब्याची गंज हीं सर्व मिळून त्याचें घर होतें, आणि हल्लीं या सर्व ठिकाणीं विजेवांचून चालत नाहीं. गोठ्यांत दिवा लावावयाचा असतो, आडावर एक अश्वशक्तीचा पंप चालवावयाचा असतो, कुट्टीयंत्र फिरवावयाचें असतें, आणि लग्नकार्य निघालें म्हणजे मांडवांत रोषणाई करावयाची असते. परंतु विजेचें सॉकेट मात्र बहुधा ओटीवरील एकाच भिंतीस असतें. सबब तेथून पुढें वीज नेण्याकरितां एक्स्टेन्शन वायर आणली जाते. बैल किंवा बियाणें घेतांना जी पारख आपण करतों, तिचा शंभरावा हिस्साहि ही वायर घेतांना केला जात नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे.

आमचा बहुतेक जन्म तालुक्याच्या कचेरींत कागद सांभाळण्यांत गेला. आकस्मिक मृत्यूंचीं प्रकरणें तालुका दंडाधिकाऱ्यांपुढें येत आणि त्यांतील पंचनामे आमच्या हातांखालून जात. विजेच्या धक्क्यानें झालेल्या मृत्यूंत मजकूर बहुधा एकाच वळणाचा असे: जमीन ओली, पायांत वहाण नाहीं, वायरीस मध्येंच जोड, जोडावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली. गांव निराळें, नांव निराळें, परंतु हा मजकूर तोच. कागदावर त्यास आकस्मिक मृत्यु म्हणत. परंतु ज्याचें कारण वायर विकत घेतांनाच ठरून गेलें, त्यास आकस्मिक कसें म्हणावें? वायर घेतांना व वापरतांना काय पाहावें तें म्हणूनच येथें क्रमानें सांगतों.

(१) तारा तीन असाव्या. एक फेजची, दुसरी न्यूट्रलची व तिसरी अर्थिंगची. पहिल्या दोघींनीं यंत्र चालतें. तिसरीनें मनुष्य वांचतो. पंपाच्या आंतील वेष्टन खराब होऊन त्याच्या लोखंडी अंगांत वीज उतरली, तर अर्थिंगची तार तिला जमिनीकडे वाट देते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज किंवा एम.सी.बी. पडतो. ही तार नसेल तर पंप बंद पडत नाहीं. तो निर्वेधपणें चालूच राहतो, आणि जो कोणी त्यास प्रथम हात लावील त्याच्या अंगांतून वीज जमिनींत जाते.

बाजारांत मात्र एक फसवणूक सर्रास चालते. बोर्डावर तीन छिद्रांचें सॉकेट असतें, प्लगासहि तीन पिना असतात, परंतु मधील वायर दोन तारांचीच असते. वरचें मोठें छिद्र केवळ शोभेचें! याकरितां वायरीच्या तोंडाशीं रंग मोजावे. हिरवी, किंवा पिवळ्या पट्ट्याची हिरवी, तार अर्थिंगची असते. प्लग उघडतां येत असल्यास उघडवून ही तार वरच्या जाड पिनेस आवळलेली आहे ना, हें डोळ्यांनीं पाहावें. घरच्या सॉकेटास अर्थिंग नसेल तर वायरींतील तिसरी तार निरुपयोगी होते, म्हणून तेंहि वायरमनाकडून तपासून घ्यावें. उन्हाळ्यांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यांत वरचेवर पाणी घालीत जावें.

विहिरीवरील पंपाच्या केबलीचा उरलेला तुकडा एक्स्टेन्शनकरितां वापरण्याची चाल पुष्कळांच्या घरीं आहे. ती केबल चांगली असते, परंतु तिच्या तारा लाल, पिवळ्या व निळ्या अशा तीन फेजांच्या रंगांच्या असतात; तींत हिरवी तार नसते. एका टोंकास पिवळी तार अर्थिंगला व दुसऱ्या टोंकास चुकून निळी तार अर्थिंगला जोडली गेली, तर यंत्राचें लोखंडी अंगच विजेला जोडलें जाण्याचा संभव असतो. तेव्हां अशी वायर घरच्या घरीं मुळींच जोडूं नये.

(२) तार तांब्याची व पुरेशी जाड असावी. प्रथम आपलें यंत्र किती वीज ओढतें हें पाहावें. आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्टची असते. यंत्रावर लिहिलेल्या वॅटांस २३० नें भागलें म्हणजे अँपिअर निघतात. पाणी तापविण्याचा १५०० वॅटचा रॉड सुमारें साडेसहा अँपिअर घेतो. यावरून दिसेल कीं, ६ अँपिअरच्या लहान प्लगावर असा रॉड लावणें गैर आहे. त्यास १६ अँपिअरचा मोठा प्लगच पाहिजे. मोटरीचा हिशेब मात्र असा सरळ होत नाहीं. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट खरे, परंतु एक अश्वशक्तीची एकफेजी मोटर प्रत्यक्षांत ६ ते ८ अँपिअर घेते, आणि सुरू होतांना क्षणभर याच्या कैक पट घेते. म्हणून मोटरीच्या पट्टीवर छापलेला अँपिअरचा आंकडाच प्रमाण मानावा.

दुकानदार ज्यास 'एम.एम.' म्हणतात तें तारेच्या छेदाचें क्षेत्रफळ, म्हणजे चौरस मिलिमीटर, होय. एक-दोन दिव्यांकरितां पाऊण एम.एम.ची तार चालेल. सामान्य कामास एक ते दीड, आणि पंप, कुट्टीयंत्र किंवा रॉड यांकरितां अडीच एम.एम.ची तार घ्यावी. कांहीं स्वस्त वायरींत अॅल्युमिनिअमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेला असतो. एक बारीक तार पात्यानें खरवडून पाहावी. आंत पांढरी निघाली तर ती वायर घेऊं नये.

(३) लांबी गरजेपुरतीच असावी. वायर जितकी लांब व बारीक, तितकी वीज वाटेंतच खर्च होते. ३० मीटर लांबीची पाऊण एम.एम.ची वायर घेऊन तींतून ७ अँपिअर प्रवाह नेला, तर सुमारें ११ व्होल्ट वाटेंतच गळतात, अडीच एम.एम.च्या वायरींत ही गळ सव्वातीन व्होल्टांच्या आसपास राहते. संध्याकाळीं आधींच दाब कमी असतो. त्यांत ही गळ पडली म्हणजे मोटर जोर करते, तापते व जळते. आणि आपण दोष मोटर भरणाऱ्यास देतों. शिवाय गळलेली ही वीज नाहींशी होत नाहीं. ७५ वॅटांहून अधिक उष्णता होऊन ती वायरींतच राहते. वायर जमिनीवर पसरलेली असेल तर ही उष्णता हवेंत निघून जाते. चक्रीवर किंवा वेटोळें करून ठेवलेली असेल तर आंतल्या आंत कोंडून आवरण वितळविते. म्हणून जड काम असतांना वायर पूर्ण उलगडावी. दोन एक्स्टेन्शन एकापुढें एक जोडण्यापेक्षां पुरेशा लांबीची एकच घ्यावी.

(४) आवरण दुहेरी व उन्हापावसांत टिकणारें असावें. पीळ घातलेली उघडी दोनपदरी वायर घराबाहेर कदापि वापरूं नये. प्रत्येक तारेस स्वतंत्र आवरण आणि तिन्हींवर मिळून आणखी एक जाड आवरण, अशी गोल वायर घ्यावी. साधें पी.व्ही.सी. उन्हांत कडक होऊन तडकतें. नित्य बाहेर पडून राहणाऱ्या कामास जाड रबरी आवरणाची वायर अधिक बरी. आवरणावर कारखान्याचें नांव, तारेचें माप आणि आय.एस.आय. चिन्ह छापलेलें असावें, पी.व्ही.सी. वायरीस 'आय.एस. ६९४' हा मानकाचा क्रमांक असतो. चिन्हाजवळचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बी.आय.एस. केअर' या मोबाइल अॅपवर पडताळतां येतो. ज्यांस हें साधत नसेल त्यांनीं घरांतील शिकत्या मुलाकडून तें करवून घ्यावें.

(५) सॉकेट झांकणाचें असावें. घरांत वापरण्याचा उघडा बोर्ड अंगणांत जमिनीवर ठेवणें म्हणजे दंवास व पावसास आमंत्रणच होय. बाहेरच्या सॉकेटावर 'आय.पी.' या अक्षरांपुढें दोन आंकडे असतात. पहिला धुळीसंबंधीं व दुसरा पाण्यासंबंधीं. आय.पी. ४४ असलेलें सॉकेट पाण्याचे शिंतोडे सोसतें, आय.पी. ६५ असलेलें धूळ व पाण्याची धार सोसतें. परंतु कित्येकांचें झांकण प्लग खोंचल्यावर बसतच नाहीं, व मग त्या आंकड्यांस अर्थ उरत नाहीं. तें दुकानांतच प्लग लावून पाहावें. सॉकेट कसेंहि असो, तें जमिनीपासून उंच, लांकडी खुंटीस टांगावें.

(६) मनुष्याचा राखणदार निराळा असावा. फ्यूज व एम.सी.बी. हे वायरीचे राखणदार आहेत, मनुष्याचे नव्हेत. १६ अँपिअरचा एम.सी.बी. तेवढा प्रवाह मुकाट्यानें जाऊं देतो, आणि मनुष्याचा जीव घेण्यास त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनहि कमी प्रवाह पुरतो. याकरितां मुख्य बोर्डावर आर.सी.सी.बी. नांवाचें उपकरण बसवावें. फेजच्या तारेनें गेलेला प्रवाह व न्यूट्रलनें परत आलेला प्रवाह यांचा तें अखंड ताळा पाहत असतें. ३० मिलिअँपिअरची तूट दिसतांच तें क्षणार्धाच्या आंत वीज तोडतें, कारण तूट आली याचा अर्थ वीज दुसऱ्या कोठून तरी, कदाचित् कोणाच्या अंगांतून, जमिनींत जात आहे. घेतांना ३० चाच आंकडा पाहून घ्यावा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचीं उपकरणें मनुष्याच्या रक्षणास पुरेशीं नाहींत. त्यावरील 'टेस्ट' असें लिहिलेलें बटण महिन्यांतून एकदां दाबून वीज तुटते ना हें पाहावें. मात्र एका हातांत फेज व दुसऱ्या हातांत न्यूट्रल धरणाऱ्यास हें उपकरण वांचवूं शकत नाहीं, हें विसरूं नये.

(७) वापरण्याची रीत. वायर लोखंडी तारेवर, पत्र्याच्या छपरावर किंवा कपडे वाळत घालण्याच्या तारेवर टाकूं नये. आवरण घांसलें गेलें कीं ती सारी तार किंवा सारें छप्पर विजेनें भारलें जातें, आणि ओलें लुगडें वाळत घालणाऱ्या बाईस त्याची वार्ताहि नसते. दाराच्या फटींतून, गाडीच्या चाकाखालून व जनावरांच्या दावणीजवळून वायर नेऊं नये. गाय-म्हैस चारी पाय ओल्या जमिनीवर टेकून उभी असते. मनुष्य ज्यांतून वांचेल अशा धक्क्यानेंहि ती मरते. पंप हलवावयाचा झाल्यास आधीं भिंतीवरील बटण बंद करून प्लग काढावा, मग पंपास हात लावावा. वायर तुटल्यास जोड देऊं नये; चांगला भाग ठेवून तिची लांबी कमी करावी. आणि जेथें वर्षभर वीज लागते तेथें वायरमनाकडून पाइपांतून पक्की जोडणी करून घ्यावी. एक्स्टेन्शन ही तात्पुरत्या कामाची वस्तु आहे. काम संपतांच ती गुंडाळून घरांत ठेवावी.

इतकें करूनहि कोणास वीज लागलीच, तर त्यास हातानें ओढूं नये. प्रथम मुख्य बटण बंद करावें. तें दूर असल्यास कोरड्या जागीं उभें राहून कोरड्या लांकडानें वायर दूर सारावी, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

चांगल्या वायरीस व आर.सी.सी.बी.स जो खर्च येतो तो एका दुभत्या म्हशीच्या किंमतीपुढें क्षुल्लक आहे. घरच्या माणसाची तर किंमतच होत नाहीं. वाचकांनीं मृगाच्या आधीं, कौलें शाकारतांना, आपल्या घरची वायर एकदां उजेडांत पसरून या सात कलमांप्रमाणें तपासावी, आणि जी उतरणार नाहीं ती दुसऱ्या कोणास न देतां तोडून टाकावी, एवढीच आमची विनंति आहे.