उजेड टेबलासाठी की माणसासाठी?

दुपारी तीन-साडेतीन वाजले की ऑफिसात अनेकांच्या डोळ्यांवर झापड येते. जेवण जड झाले, रात्री झोप नीट झाली नाही, एसी फार वाढवला आहे, अशी कारणे निघतात आणि चहाची फेरी होते. ही कारणे खोटी नसतात. पण दिवसाचे आठ-नऊ तास ज्या उजेडात बसायचे, तो शरीराला पुरतो का, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. कारण कागदावरची अक्षरे तर स्वच्छ दिसत असतात.

उजेड 'लक्स' या एककात मोजतात. साधारण ऑफिसात टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड असावा, असे मानले जाते. बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार लक्स उजेड असतो आणि भर उन्हात तो लाखाच्या घरात जातो. डोळे या फरकाशी इतके चटकन जुळवून घेतात की, आत शिरल्यावर उजेड किती पटींनी घटला हे आपल्या लक्षातच येत नाही.

हॉथॉर्नचा धडा

उजेड वाढवला तर काम वाढेल का, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा आहे. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे १९२४ ते १९२७ या काळात कामगारांवरचे दिवे कमी-जास्त करून उत्पादन मोजले गेले. उजेड वाढवला तेव्हा उत्पादन वाढले. कमी केला तेव्हाही वाढले, असे पुढे सांगितले जाऊ लागले. आपल्याकडे कुणीतरी लक्ष देत आहे एवढ्यानेच माणूस जास्त काम करतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला आणि 'हॉथॉर्न परिणाम' या नावाने तो व्यवस्थापनाच्या पुस्तकांत जाऊन बसला.

२०११ मध्ये स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी त्या प्रयोगांची मूळ आकडेवारी शोधून पुन्हा तपासली. दिव्यांतले बदल रविवारी, कारखाना बंद असताना केले जात आणि सोमवारचे उत्पादन शनिवारशी ताडून पाहिले जाई. पण दिव्यांना हात न लावलेल्या आठवड्यांतही सोमवारी उत्पादन वाढतच होते! थोडक्यात, दिवा वाढवला की काम वाढते किंवा दिव्याने काहीच फरक पडत नाही, यातले काहीही त्या प्रयोगांवरून ठामपणे सांगता येत नाही.

डोळ्यातले घड्याळ

खरा उलगडा कारखान्यात नव्हे, डोळ्यात झाला. आपल्या दृष्टिपटलात दोन प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात, असे शाळेत शिकवले जाते. एक अंधुक उजेडात पाहण्यासाठी, दुसरी रंग आणि बारकावे ओळखण्यासाठी. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि इतर संशोधकांनी तिसऱ्या प्रकारच्या पेशी दाखवून दिल्या. 'मेलानोप्सिन' हे द्रव्य असलेल्या या पेशींचे मुख्य काम चित्र दाखवणे हे नाही. सभोवती उजेड किती आहे, हे मोजून मेंदूतल्या जैविक घड्याळाला कळवणे, हे त्यांचे काम. निळसर उजेडाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. आकाशाच्या उजेडात तो भरपूर असतो.

या घड्याळावर झोप, शरीराचे तापमान, भूक आणि सावधपणा यांची वेळ ठरते. दिवसा भरपूर उजेड आणि रात्री काळोख, हा फरक जितका ठळक, तितके घड्याळ नेमके चालते. दिवसभर मंद उजेडात बसायचे आणि रात्री घरात लख्ख दिव्यांखाली मोबाइल पाहत राहायचे, असे झाले की, दिवस कोणता आणि रात्र कोणती याचा इशाराच घड्याळाला नीट मिळत नाही. झोप लांबते, आणि दुसऱ्या दिवशी कामात चुका होतात, चिडचिड वाढते.

इथेच ऑफिसच्या हिशेबातली मेख आहे. दिव्यांची योजना करताना उजेड टेबलाच्या आडव्या पृष्ठभागावर मोजला जातो. डोळे मात्र समोर, उभ्या पडद्याकडे पाहत असतात. टेबलावर ४०० लक्स असले तरी डोळ्यांपर्यंत अनेकदा त्याच्या निम्माही उजेड पोहोचत नाही. २०२२ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन शिफारस केली, ती डोळ्यांच्या पातळीवरच्या उजेडाची. या तिसऱ्या पेशींना जाणवणारा उजेड मोजणाऱ्या वेगळ्या एककात तो दिवसा किमान २५० लक्स असावा, झोपेच्या आधीचे तीन तास १० लक्सपेक्षा जास्त नसावा आणि झोपताना जेमतेम १ लक्सपर्यंत असावा. नुसत्या छतावरच्या दिव्यांनी दिवसाचा आकडा गाठणे अवघड असते. खिडकीजवळ तो सहज गाठला जातो.

खिडकी कुणाला?

अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४९ कर्मचाऱ्यांची पाहणी करण्यात आली. त्यातले २२ जण खिडक्या असलेल्या जागी, तर २७ जण खिडक्या नसलेल्या जागी काम करत. खिडकीवाल्यांची रात्रीची झोप सरासरी ४६ मिनिटांनी जास्त भरली. अभ्यास छोटा आहे. खिडकीची जागा आणि चांगली नोकरी बरोबरीने येत असण्याचीही शक्यता आहे. तरी जैविक घड्याळाबद्दल जे ठाऊक आहे, त्याच्याशी हा निष्कर्ष जुळतो.

आता आपल्याकडच्या ऑफिसांची मांडणी आठवून पाहावी. अनेक ठिकाणी बाहेरच्या भिंतीलगत साहेबांच्या केबिन असतात. त्यातल्या कित्येक मीटिंगमुळे दिवसाचा बराच वेळ रिकाम्या असतात. दिवसभर खुर्चीवर खिळलेले कारकून, डेटा एंट्रीवाले, हिशेब तपासनीस मधल्या भागात, उजेडापासून सर्वात दूर बसतात. जिथे खिडकी आहे तिथेही सकाळी ऊन पडद्यावर आले म्हणून ब्लाइंड खाली ओढले जातात आणि संध्याकाळपर्यंत वर घ्यायचे कुणाच्या लक्षात राहत नाही.

रात्रपाळीवाल्यांचा प्रश्न आणखी बिकट आहे. जागे राहण्यासाठी त्यांना उजेड लागतो आणि तोच उजेड मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे रोखून घड्याळ बिघडवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये जैविक घड्याळ विस्कटणाऱ्या पाळीच्या कामाचा 'बहुधा कर्करोगकारक' या गटात समावेश केला. २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत तेच मत कायम ठेवले. दर दोन-चार दिवसांनी पाळी न बदलणे, घरी झोपायच्या खोलीला जाड पडदे लावणे आणि घरच्यांनी ती झोप रात्रीच्या झोपेइतकीच मानणे, एवढे तरी करता येते.

काय करता येईल?

दिव्यांची संख्या दुप्पट करणे हा उपाय नव्हे. थेट डोळ्यांवर येणारा झगझगाट डोके दुखवतो. लुकलुकणाऱ्या दिव्यांचाही तोच त्रास. साध्या चोकवरची जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण ब्रिटनमध्ये १९८९ साली झालेल्या अभ्यासात ही थरथर काढून टाकल्यावर ऑफिसातल्या डोकेदुखीच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. हलक्या दर्जाच्या एलईडी दिव्यांतही हा दोष असतो. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरल्यावर पडद्यावर पट्टे सरकताना दिसले, तर शंका घ्यायला जागा आहे.

संगणकाचा पडदा खिडकीला काटकोनात ठेवावा, म्हणजे ऊन पडद्यावरही येत नाही आणि डोळ्यांतही जात नाही. दुपारी जेवणानंतर वीस मिनिटे सावलीतून का होईना, बाहेर फिरून यावे. चहा पँट्रीत घेण्यापेक्षा बाहेरच्या टपरीवर उभ्याने घेतला, तर घड्याळाला उजेडाचा चांगला हप्ता मिळतो. सकाळचा उजेड सर्वात मोलाचा. शक्य असेल त्याने बस-स्टॉपपर्यंत चालत जावे. काचेतून आलेल्या उन्हाने घड्याळ चालते, पण ड जीवनसत्त्व मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे.

बाकीचे काम कर्मचाऱ्याच्या हातात नाही. खिडकीकडच्या जागा दिवसभर बसून काम करणाऱ्यांना देणे, केबिन आतल्या बाजूला घेणे, निदान त्यांच्या भिंती काचेच्या करणे, हे व्यवस्थापनानेच करायचे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात उजेडासाठी असलेल्या खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात, असे कलम घातले गेले होते. कामगाराला पुरेसा उजेड देणे ही मालकाची जबाबदारी आहे, हे तेव्हा कायद्याने मान्य केले. संगणकापुढे दिवस काढणाऱ्यांच्या बाबतीत त्याचा हिशेब टेबलावर नव्हे, त्यांच्या डोळ्यांपाशी मांडायला हवा.