वाचतो घडाघडा, कळत मात्र नाही

‘डॉक्टर, याला मेमरीचं टॉनिक द्या. वाचतो सगळं, पण डोक्यात काही राहत नाही.’ घटक चाचणीचे गुण घरी पोचले की ओपीडीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. सोबत आठवी-नववीतला मुलगा मान खाली घालून बसलेला असतो. अशा टॉनिकनं वाचन सुधारतं याला पुरावा नाही, हे मी आधीच सांगून टाकतो.

ही तक्रार घरोघरची आहे. ‘असर’च्या २०२३च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे २५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही मातृभाषेत किंवा प्रादेशिक भाषेत सलग वाचता आला नव्हता. त्यात, सलग वाचणाऱ्या प्रत्येकाला वाचलेलं समजतंच असंही नाही.

गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६मध्ये एक साधं सूत्र मांडलं. अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता, म्हणजे वाचनाचं आकलन. यात बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच.

कुठली बाजू लंगडी आहे हे घरी ओळखता येतं. मुलाला पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला सांगा आणि त्यात काय होतं ते विचारा. मग तेवढाच अवघड दुसरा परिच्छेद तुम्ही वाचून दाखवा आणि तेच विचारा. ऐकून कळत असेल, पण ‘राष्ट्र’, ‘कर्तृत्व’ अशा शब्दांवर तो अडखळत असेल, तर अडचण उलगडण्यात आहे. अशा मुलाची सगळी शक्ती जोडाक्षरं फोडण्यात खर्च होते, अर्थासाठी काही उरत नाही. ऐकूनही कळत नसेल, तर शब्दसंग्रह आणि विषयाची माहिती तोकडी आहे.

दरम्यान डोळे आणि कान तपासून घ्यावेत. चष्म्यानं डिस्लेक्सिया जात नाही, पण फळा न दिसणारी मुलंही ‘ढ’ ठरवली जातात. मुलींचं हिमोग्लोबिन पाहाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. मोबाइल उशाशी ठेवून ती मिळत नाही.

ज्यांना उलगडणं जड जातं त्यांच्यासाठी रोज पंधरा-वीस मिनिटं, शंभरेक शब्दांचा एकच उतारा मोठ्या माणसासोबत तीन-चार वेळा वाचावा. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती चिऊकाऊच्या गोष्टी देऊ नयेत, त्याला ते लागतं. क्रिकेटची बातमी चालेल.

अर्थाशी अडणाऱ्यांसाठी पालिंक्सार आणि ब्राउन यांनी १९८४मध्ये मांडलेली पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते. चार-पाच मुलं आणि एक शिक्षक. परिच्छेद वाचून झाला की त्यावर प्रश्न काढायचा, दोन वाक्यांत सार सांगायचं, अडलेला शब्द सोडवायचा आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा. सुरुवातीला शिक्षक करून दाखवतात, मग मुलं आळीपाळीनं शिक्षक होतात.

दहावीच्या विज्ञानातलं उदाहरण घ्या: विरल माध्यमातून घन माध्यमात जाताना प्रकाशकिरण स्तंभिकेकडे झुकतो. ‘विरल’पाशी मूल थांबतं, ते दिसतं. खरा घोटाळा ‘घन’मध्ये असतो. त्याच्या लेखी घन म्हणजे दगडासारखं टणक. मग हवेतून पाण्यात जाणाऱ्या किरणासाठी पाणी ‘घन’ कसं? हे तो विचारत नाही, कारण हा शब्द आपल्याला येतो असंच त्याला वाटत असतं. वाक्य पाठ होतं, आकृती चुकते. स्वतः प्रश्न काढायला लावलं की असे गैरसमज बाहेर पडतात. ‘नीट लक्ष देऊन वाच’ असं शंभरदा बजावून ते बाहेर पडत नाहीत.

मदत देऊनही सहा महिन्यांत फरक पडला नाही, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. बुद्ध्यांक आणि शैक्षणिक चाचण्यांसाठी अनेक खेपा घालाव्या लागतात. त्यामुळे दहावीचा फॉर्म भरताना धावत येण्यापेक्षा आठवी-नववीतच यावं. येताना शाळेच्या वह्या आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका आणाव्यात. गुणपत्रिकेपेक्षा आम्हाला त्यांतून जास्त कळतं.