मुक्या मांजराचें दुखणें कसें ओळखावें?

तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मांजर असेल. कोणीं तें हौसेनें पाळलें असेल, तर कोणाच्या घरीं तें आपण होऊनच येऊन राहिलें असेल. कारण मांजराच्या बाबतींत कोण कोणाला पाळतो हा प्रश्न नेहमींच थोडा वादग्रस्त असतो. कुत्र्याला कांहीं दुखलें खुपलें तर तो केकाटतो, धन्याच्या पायांशीं लोळतो आणि साऱ्या आळीला वर्दी देतो. मांजराची रीत निराळी आहे. तें आजारी पडलें म्हणजे गप्प बसतें, आणि घरच्या मंडळींस वाटतें कीं, आज स्वारी जरा शांत आहे. या शांतपणाचा अर्थ न कळल्यामुळें प्राणास मुकलेल्या एका मांजराची हकीकत आम्हांस चांगली ठाऊक आहे, कारण ती आमच्याच घरीं घडली.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे एक पिवळा बोका होता. अंगणांत बांधकामासाठीं आणलेल्या वाळूचा ढीग पडला होता, तेथें तो आपले विधी उरकीत असे. एके दिवशीं अभ्यासास येणाऱ्या एका लहान विद्यार्थ्यानें आम्हांस सांगितलें, “सर, बोका सारखा वाळूंत जाऊन बसतोय, आणि उठून पुन्हा तिथंच जातोय.” आम्ही उत्तरपत्रिका तपाशीत होतों. पोट साफ होत नसेल, असें म्हणून आम्हीं बोक्यास थोडें एरंडेल पाजलें आणि पुन्हां कामास लागलों. रात्रीं त्याला ओकारी झाली. दुसऱ्या दिवशीं तो कपाटाखालीं जाऊन बसला. आम्ही समजलों, विश्रांति घेत आहे. तिसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं वांकून पाहिलें तों तो गार पडला होता.

पुढें एका पशुवैद्यांनीं आम्हांस त्याचें कारण समजावून दिलें. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. लघवींतील बारीक खडे किंवा चिकट द्रव्य त्यांत अडकलें म्हणजे तो बंद होतो. मग मूत्राशय फुगत जातें, मूत्रपिंडांचें काम थांबतें, आणि जे पदार्थ लघवीवाटे बाहेर पडावयाचे ते रक्तांतच सांचूं लागतात. त्यांतील पोटॅशियमचें प्रमाण वाढलें कीं हृदयाची गति बिघडते, आणि दोन-तीन दिवसांतच सर्व आटोपतें. वेळेवर दवाखान्यांत नेल्यास बारीक नळी घालून हा मार्ग मोकळा करितां येतो. म्हणून बोका वारंवार लघवीस बसून कुंथत आहे, मागची जागा चाटीत आहे, कधीं ओरडत आहे आणि थेंबही पडत नाहीं, असें दिसतांच, रात्र असली तरी, पशुवैद्य गांठावा. बद्धकोष्ठ आणि मूत्रावरोध हीं दुरून सारखींच दिसतात. तेव्हां आपल्या तर्कावर विसंबून रेचक देणें हें आम्हीं केलें तसेंच अज्ञान होय. त्या मुलानें पाहिलें होतें तें अगदीं बरोबर पाहिलें होतें. त्याचा अर्थ लावण्यांत आम्ही चुकलों.

मांजर आपलें दुखणें लपवितें याचें मूळ त्याच्या पूर्वजांत आहे. आपलें घरचें मांजर पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका या प्रदेशांतील रानमांजरापासून उतरलें आहे. (त्याच प्रदेशांत ज्याच्या कथा घडल्या त्या पवित्र शास्त्राच्या ६६ पुस्तकांत सिंह पुष्कळदां भेटतो, पण पाळीव मांजर एकदांही भेटत नाहीं, याचें आम्हांस लहानपणीं मोठें नवल वाटे.) हें रानमांजर एकटें राहून उंदीर, पांखरें असली लहान शिकार करणारें, आणि त्याच वेळीं मोठ्या श्वापदांचें स्वतः भक्ष्य होणारें. एकट्या प्राण्यानें कण्हून उपयोग काय? मदतीला कोणी यावयाचें नाहीं, शत्रूला मात्र सुगावा लागावयाचा. हजारों वर्षें माणसाच्या चुलीपाशीं राहूनही ही संवय मोडलेली नाहीं.

अशा प्राण्याच्या बाबतींत रोजची दिनचर्या हीच खरी साक्ष. नेहमीं खिडकींत झोपणारें मांजर पलंगाखालीं जाऊन बसूं लागलें, हाकेला येणारें येईनासें झालें, माळ्यावर एका उडींत चढणारें खुर्चीवर पाय ठेवून मग चढूं लागलें, तर त्यांत कांहीं अर्थ आहे. म्हातारें झालें म्हणून उडी मारीत नाहीं, असें आपण सहज म्हणतों; पण बहुतेक वेळां त्याचे सांधे दुखत असतात, आणि त्यावर उपचार आहेत. निरोगी मांजर जागेपणींचा पुष्कळ वेळ अंग चाटण्यांत घालवितें. तें चाटणें सोडून दिलें तर केस राठ व गुंतलेले दिसूं लागतात. उलट एकच जागा सारखी चाटून उघडी पडली तर तेथें खाज किंवा वेदना आहे असें समजावें. पाणी एकाएकीं फार पिऊं लागणें हें मूत्रपिंडाच्या विकाराचें किंवा मधुमेहाचें लक्षण असूं शकतें.

अन्न सोडणें ही गोष्ट तर विशेष जपून पाहण्यासारखी आहे. माणूस दोन दिवस उपास करून प्रसन्न राहूं शकतो. मांजराला, त्यांतून लठ्ठ मांजराला, तें सोसत नाहीं. पोटांत अन्न नाहीं असें होतांच शरीरांतील चरबी यकृताकडे धांव घेते आणि यकृतच निकामी होऊं लागतें. एक दिवस मांजरानें कशालाच तोंड लाविलें नाहीं तर पशुवैद्यांस विचारावें. तें ताटलीपाशीं येतें, हुंगतें आणि परत जातें, असें असेल तर दांत किंवा हिरड्या दुखत असण्याचाही संभव आहे.

घुरघुर ऐकून मात्र निश्चिंत होऊं नये. मांडीवर बसलेलें सुखी मांजर घुरघुरतें हें खरें, पण जखमी आणि मरणोन्मुख मांजरही घुरघुरतें. आवाजापेक्षां चेहरा अधिक बोलका. कॅनडांतील माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१९ सालीं मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मापण्याची एक पद्धति प्रसिद्ध केली. कान, डोळे, नाकातोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण या पांच गोष्टी पाहून प्रत्येकीस शून्य, एक किंवा दोन गुण द्यावयाचे. दुखणाऱ्या मांजराचे कान एकमेकांपासून दूर होऊन बाहेर वळतात, डोळे आकसतात, नाकतोंड ताणलेलें दिसतें, मिशा ताठ होतात आणि डोकें खांद्यांच्या खालीं झुकतें. दहांपैकीं चार गुण झाले कीं वेदनेवर औषध हवें असें धरतात. गुणांसाठीं झटणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ही एक परीक्षा अशी सांपडेल कीं, जींत शून्य पडल्यास आनंद व्हावा! मांजर डोळे मिटून दूध पितें ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. म्हणून ही परीक्षा तें झोपेंत, खातांना किंवा अंग चाटतांना घेऊं नये.

श्वासाकडेही लक्ष असावें. शांत झोपलेलें मांजर मिनिटाला साधारण १५ ते ३० वेळां श्वास घेतें. घड्याळ घेऊन छातीची हालचाल मोजणें हा मुलांस सहज जमणारा उद्योग आहे. मांजर कुत्र्यासारखें तोंड उघडून धापा टाकूं लागलें, किंवा हिरड्या पांढऱ्या, निळसर वा पिवळ्या दिसल्या, तर विलंब करूं नये.

पालकांस एक विनंति. तापावर आपण घेतों ती पॅरासिटामॉलची गोळी मांजरास विष आहे. एका गोळीनेंही तें दगावूं शकतें, कारण तें औषध निरुपद्रवी करण्याची शक्ति त्याच्या यकृतांत फार थोडी असते. याच कारणानें जखमेवर डेटॉल लावणें आणि फिनेलच्या ओल्या फरशीवर त्याला फिरूं देणें घातक होय. तोंडांतून किंवा मागून दोरा लोंबतांना दिसला तर तो ओढूं नये, आंतडें कापलें जाण्याचें भय असतें.

नेतांना झांकणाची टोपली घ्यावी व आंत घरांतलें जुनें फडकें घालावें. दुखणारें मांजर ओळखीच्या हातासही चावतें. चावल्यास वा ओरखडल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवून लगेच माणसांच्या डॉक्टरकडे जावें, कारण रेबीज मांजरापासूनही होतो. जवळ निराळा पशुवैद्य नसेल तर गांवचा गुरांचा दवाखाना आहेच. मांजर घेऊन तेथें जाण्यांत संकोच कसला?

हल्लीं आमच्या घरीं एक करडी मांजरी आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं, उपासनेहून परत आल्यावर, तिला पिशवींत घालून भाजीच्या काट्यावर तोलतों आणि वजन भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहितों. पिशवी तिला मुळींच आवडत नाहीं. गेल्या खेपेस तीन किलो चारशें ग्रॅम भरली.