लुई रीस-झामिट : एका धंदेवाईक खेळाडूची वाटचाल

श्रोतेहो, इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स नांवाचा एक लहानसा डोंगराळ देश आहे. लोकवस्ती सुमारें तीस लाख. कोळशाच्या खाणी, समूहगायन आणि रग्बीचा खेळ या तीन गोष्टींनीं या देशाला जगांत नांव मिळवून दिलें. तेथील लुई रीस-झामिट या तरुण रग्बीपटूची हकीगत मी आज सांगणार आहें. ज्या कसबावर पोट भरावयाचें तें कसब दहा-बारा वर्षांपलीकडे टिकणारें नसेल, तर माणसानें स्वदेशाशीं आणि स्वतःशीं कसें वागावें, हा प्रश्न या हकीगतीच्या मुळाशीं आहे.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. रग्बी युनियनमध्यें प्रत्येक बाजूस पंधरा गडी असतात आणि सामना ऐंशी मिनिटें चालतो. चेंडू लांबट असतो. तो हातांत घेऊन पळण्यास मुभा असते. परंतु हातानें तो पुढें फेकतां येत नाहीं, मागें किंवा आडवाच द्यावा लागतो. प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीस टेकविला म्हणजे ‘ट्राय’ होतो व पांच गुण मिळतात. मैदानाच्या दोन्ही कडांना एकेक चपळ गडी उभा असतो. त्यास विंगर म्हणतात. आपला नायक हा असा विंगर.

त्याचा जन्म २००१ सालीं वेल्समधील कार्डिफजवळच्या पेनार्थ गांवचा. वडिलांकडून त्याचें घराणें भूमध्य समुद्रांतील माल्टा बेटाचें. ‘झामिट’ हें आडनांव तेथलेंच. इंग्लंडमधील हार्टपुरी येथील विद्यालयांत शिकत असतांना तो जवळच्या ग्लॉस्टर संघाच्या नजरेस आला आणि अठराव्या वर्षीं त्या संघाकडून खेळूं लागला. २४ ऑक्टोबर २०२० रोजीं, पॅरिस येथें, वेल्सच्या राष्ट्रीय संघांत त्यानें पहिलें पाऊल टाकलें. पुढच्याच वर्षीं सहा राष्ट्रांच्या स्पर्धेंत त्यानें चार ट्राय केले. स्कॉटलंडविरुद्ध त्यानें शेवटीं केलेला ट्राय तर विशेष गाजला. समोरच्या गड्याच्या डोक्यावरून चेंडू लाथेनें उडवून, त्याला वळसा घालून, स्वतःच तो पुन्हा गांठला. वेल्सनें तो सामना अवघ्या एका गुणानें जिंकला व पुढें स्पर्धेचें विजेतेपदही मिळविलें. त्याच वर्षीं ब्रिटन व आयर्लंड यांचा निवडक संघ दक्षिण आफ्रिकेस गेला, त्यांतील सर्वांत लहान खेळाडू हाच होता.

येथें थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १८९५ सालीं उत्तर इंग्लंडमधील क्लबांनीं मुख्य संस्थेपासून फारकत घेतली. कारण साधें होतें. तेथील खेळाडू गिरण्यांत व खाणींत राबणारे; सामन्यापायीं बुडालेली मजुरी त्यांस भरून द्यावी, एवढीच मागणी होती. ती नाकारली गेली आणि फुटीर क्लबांचा खेळ पुढें ‘रग्बी लीग’ म्हणून वाढला. वेल्सचे कित्येक गुणी खेळाडू पैशाच्या गरजेनें उत्तरेकडे गेले. एकदां गेला कीं त्याला युनियनचें दार कायमचें बंद होई. वेल्सचा कर्णधार जोनाथन डेव्हिस १९८९ सालीं असाच गेला. १९९५ सालीं युनियननेंही वेतन मान्य केलें, म्हणूनच त्याला परत येतां आलें.

आतां रीस-झामिटकडे वळूं. जानेवारी २०२४ मध्यें, वेल्सचा संघ जाहीर होण्याच्या दिवशींच, त्यानें रग्बी सोडून अमेरिकन फुटबॉल शिकावयास जात असल्याचें सांगितलें. त्याचें वय तेव्हां बावीस. खात्यावर वेल्सकडून ३२ सामने व १४ ट्राय. वडील तरुणपणीं कार्डिफमध्यें हाच खेळ खेळलेले, तेव्हां ओढ घरांतलीच होती. तरीही पुष्कळांस हा लहरीपणा वाटला. वेल्सच्या रग्बीची त्या वेळची स्थिति मात्र ध्यानांत घेतली पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्यें खेळाडूंच्या करारांचा प्रश्न इतका चिघळला कीं, इंग्लंडविरुद्धचा सामना खेळणार नाहीं, असा इशारा वेल्सच्या खेळाडूंनीं दिला. सामना झाला, पण पुढच्या हंगामांत वेतन मिळेल कीं नाहीं, या विवंचनेंत राष्ट्राचे निवडक खेळाडू होते, ही गोष्ट उघड झाली. घरचा मालक वेतनाची शाश्वति देऊं शकत नसतां नोकरानें निष्ठेची शपथ घ्यावी, हा न्याय एकतर्फी नव्हे काय?

अमेरिकेंत त्याला कॅन्सस सिटीच्या संघानें घेतलें. परंतु ऑगस्ट २०२४ मध्यें, हंगाम सुरू होण्यापूर्वींच, त्यास वगळण्यांत आलें. मग जॅक्सनव्हिलच्या संघानें त्यास सराव-पथकांत ठेवलें. सराव-पथकांतला खेळाडू रोज घाम गाळतो. सामन्याच्या दिवशीं मात्र त्यानें बहुधा बाहेरच राहावयाचें. मुख्य हंगामांतील एकही सामना रीस-झामिटच्या वांट्यास आला नाहीं. जेथें चेंडू पुढें फेकण्यावरच सारा डाव उभा आहे, तो खेळ लहानपणापासून खेळलेल्या मुलांच्या बरोबरीनें बाविसाव्या वर्षीं शिकणें सोपें नव्हे.

इकडे वेल्सची दैना झाली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं विश्वचषकांत जॉर्जियावर विजय मिळाला. त्यांत रीस-झामिटचे तीन ट्राय होते. पुढल्या आठवड्यांत अर्जेंटिनाकडून पराभव झाला आणि तेथून ओळीनें अठरा सामने वेल्स हरला. जुलै २०२५ मध्यें जपानविरुद्ध ही मालिका तुटली. एका खेळाडूच्या जाण्यानें इतके पराभव ओढवले, असें म्हणणें खुळेपणाचें होईल. पहिल्या पराभवांत तो स्वतः मैदानावर होता. तथापि ऐन गरजेच्या काळांत वेल्सचा एक उत्तम धांवपटु परदेशीं कडेला उभा होता, ही हानि खरी आहे. त्याच्या स्वतःच्या पायांतील उमेदीचीं जवळजवळ दोन वर्षें सामन्यांवांचून गेलीं, तीही खरीच.

जुलै २०२५ अखेर त्यानें अमेरिकेचा नाद सोडला, ब्रिस्टलच्या संघाशीं करार केला आणि नोव्हेंबरांत तो वेल्सकडून पुन्हा मैदानांत उतरला. शंभर वर्षें जें दार बंद होतें, तें त्याच्यासाठीं उघडें राहिलें.

जन्मभर मुलांत वावरलेल्या मज शिक्षकास यांत एक मोठी गोष्ट दिसते. तरुणानें नवें क्षेत्र धुंडाळावें, हा त्याचा हक्क. त्याची किंमत त्यानेंच मोजावी, हा व्यवहार. आणि फळ न लाभतां परतलेल्याला टोमण्यांवांचून पंक्तींत बसवून घ्यावें, हें समाजाचें शहाणपण. जुन्या वेल्सनें मजुरीसाठीं गेलेल्यांस बहिष्कृत केलें, पण त्यायोगें कोणाचें जाणें थांबलें नाहीं. दार लावल्यानें माणसें राहत नाहींत. घरांत पोटाची आणि मानाची सोय असली म्हणजे तीं राहतात, आणि गेलीं तरी परततात. आपापल्या घरच्या तरुणांविषयीं बोलतांना हें आपणही लक्षांत ठेवूं, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.