नांदत्या घरास एक खोली जोडतांना



‘घर पहावें बांधून’ असें आपल्याकडे म्हणतात. ज्यानें ही म्हण काढली त्यानें बहुधा मोकळ्या जागेवर नवें घर बांधलें असावें; नांदत्या घराला खोली जोडण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नसावा. नव्या घराचें काम रखडलें तर मनुष्य जुन्या घरांत राहून वाट पाहतो. नांदत्या घराची भिंत एकदां फोडली म्हणजे वाट पाहण्यासही जागा उरत नाहीं. म्हणून वाढीव बांधकाम सुरू होण्यापूर्वींच्या खरेदीविषयीं आज चार गोष्टी सांगणार आहें. बांधकामाचें शास्त्र इंजिनियरांनीं सांगावें. काय केव्हां ठरवावें आणि काय केव्हां आणावें, एवढें गृहस्थाचें काम माझ्याकडे.

आधीं आमची फजिती ऐका. मी गडचिरोली जिल्ह्यांतील चामोर्शीस राहतों. आमचें न्हाणीघर अंगणापलीकडे. आईचे गुडघे दुखूं लागले आणि पावसाळ्याच्या रात्रीं ओल्या अंगणांतून जाणें तिला धोक्याचें झालें. तेव्हां मागील पडवीस लागून न्हाणीघरासह एक खोली पावसाळ्यापूर्वीं बांधावी असें ठरलें. नगरपंचायतीची परवानगी मिळाली. महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा संपतांच मी उत्साहानें बाजारांत गेलों, आणि भाव बरा मिळाला म्हणून सिमेंटचीं चाळीस पोतीं एकदम आणून पडवींत भिंतीला टेकून रचून ठेवलीं. रेतीची चिंता कशाला? वैनगंगा तर जवळच आहे!

पाया झाला, जोतें झालें, आणि तेंदूच्या पानांचा हंगाम लागला. मजूर जंगलांत गेले. ते परतले तोंवर १० जून उलटून गेला होता. त्या दिवसापासून ३० सप्टेंबरपर्यंत नदीपात्रांतून रेती काढण्यास बंदी असते. रेतीवांचून भिंती अडल्या. पुढें रोवणी लागली आणि उरलेसुरले मजूर बांध्यांत उतरले. दिवाळीच्या सुमारास पोतीं उघडलीं तों खालच्या थरांतील सिमेंटचे धोंडे झाले होते. पैसा गेला तो गेला. पण आई आणखी एक पावसाळा हातांत विजेरी घेऊन तें अंगण ओलांडीत राहिली, हें मनाला लागलें.

या फजितींतून मला जो नियम सांपडला तो उलटा वाटेल. जी वस्तु घरांत शेवटीं येते तिचा निर्णय सर्वांत आधीं करावा. आणि जो माल लवकर बिघडतो तो सर्वांत उशिरां आणावा.

प्रथम शेवटीं येणाऱ्या वस्तु पाहूं. पंखा, गीझर, कूलर हीं खोली तयार झाल्यावर घ्यावयाचीं, असा आपला समज. परंतु पंख्याचा आंकडा स्लॅब ओतण्यापूर्वीं सळयांना बांधावा लागतो, आणि विजेच्या तारांच्या नळ्याही स्लॅबच्या पोटांतूनच जातात. विदर्भांत कूलरवांचून उन्हाळा निघत नाहीं. त्याचें माप ठाऊक नसतां खिडकीची चौकट बसविली, तर पुढें खिडकी तरी फोडावी लागते किंवा कूलर तरी परत करावा लागतो. दोन हजार वॉटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपियरांच्या जवळपास प्रवाह ओढतो. त्याला ६ अँपियरचें साधें सॉकेट चालत नाहीं. १६ अँपियरचें सॉकेट आणि त्यास साजेशी जाड तार हवी. न्हाणीघर म्हणजे ओली जागा. तेथील विजेला चांगलें अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरच्या गळतीवर वीज तोडणारी कळ असावी. म्हाताऱ्या माणसाला धरून उठण्यासाठीं भिंतींत दांडा बसवावयाचा असेल, तर त्याची जागाही छपाईपूर्वींच गवंड्याला दाखवावी.

म्हणून दुकानांत दोन फेऱ्या कराव्या. पहिली फेरी केवळ मापें, वॉट आणि किंमती कागदावर उतरून घेण्याची. पैसे देण्याची फेरी त्यानंतर कांहीं महिन्यांनीं. यंत्र आधीं आणून ठेवलें तर तें धुळींत पडून राहतें आणि हमीची मुदत मात्र चालू होते. पहिल्या फेरींत वीजबचतीच्या ताऱ्यांची चिठ्ठीही वाचावी. छताच्या पंख्यांवर ती १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली आहे. जुन्या धर्तीचा पंखा सुमारें ७५ वॉट घेतो, नव्या धर्तीचा ३० च्या आसपास. रोज बारा तास व वर्षाचे तीनशें दिवस पंखा फिरला, तर एका पंख्यामागें वर्षास १६२ युनिटांची बचत होते.

आतां माल. सिमेंट हवेंतील ओलावा पितें. बंद पोत्यांतही तीन महिन्यांत त्याचें बळ सुमारें पंचमांशानें घटतें, आणि सहा महिन्यांत त्याहून अधिक. पोत्यावर उत्पादनाचा आठवडा व वर्ष छापलेलें असतें. भाव विचारण्यापूर्वीं तें वाचावें. पोतीं फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, दहाहून उंच न रचतां ठेवावीं, आणि दोन-तीन आठवड्यांच्या कामास पुरतील एवढींच आणावीं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांत गडचांदूर, आवारपूर येथें सिमेंटचे मोठे कारखाने असतां आम्हीं सिमेंटचा साठा करावा, हें विहिरीशेजारीं राहून महिन्याचें पाणी भरून ठेवण्यासारखें आहे. पावती मात्र पक्की घ्यावी आणि तींतील कर पहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील वस्तु व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

रेती, गिट्टी व विटा यांची गोष्ट याच्या उलट. हा माल नासत नाहीं, पण तो मिळण्याचे दिवस ठरलेले असतात. तेव्हां तो वेळीच, वाहतुकीचा परवाना पाहून, आणावा. रेतीची परीक्षा घरींच होते. कांचेच्या बाटलींत अर्धी रेती घालावी, चिमूटभर मीठ टाकलेलें पाणी ओतून ती हलवावी, आणि तीन तास स्थिर ठेवावी. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या शंभरांत आठ भागांहून अधिक असेल तर ती रेती धुतल्यावांचून वापरूं नये. दमट रेती फुगते, म्हणून मापांत पाव हिश्श्यानेंही फसवूं शकते; कोरडी किंवा अगदीं भिजलेली रेती खरें माप दाखविते. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असतां खणखणीत नाद यावा, आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकलेली वीट फुटूं नये.

लोखंड नेहमीं तोलून घ्यावें. सळईची जाडी मिलिमीटरांत घेऊन तिचा वर्ग करावा आणि त्यास १६२ नें भागावें, म्हणजे एक मीटर सळईचें वजन किलोंत निघतें. दहा मिलिमीटरची बारा मीटर लांब सळई या हिशेबानें ७.४ किलो भरली पाहिजे. फार कमी भरली तर ती बारीक आहे असें समजावें.

किती आणावें, तेंही पाहूं. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व पांच इंच जाड स्लॅब म्हणजे ५० घनफूट काँक्रीट. एक भाग सिमेंट, दीड भाग रेती व तीन भाग गिट्टी या प्रमाणांत त्याला सिमेंटचीं सुमारें साडेअकरा पोतीं, २१ घनफूट रेती आणि ४२ घनफूट गिट्टी लागते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. म्हणजे रेती पंचमांश ब्रासहून किंचित् अधिक झाली. हा अंदाज खिशांत असला म्हणजे ‘साहेब, एक ब्रास तरी लागेलच’ या वाक्याचें भय वाटत नाहीं. फरशी मात्र मोजमापाहून शंभरांत सात-आठ अधिक आणि एकाच छटा-क्रमांकाची घ्यावी. मागाहून त्याच छटेची मिळेलच असें नाहीं.

राहिलें लांकूड. आमचा मुलूख सागवानाचा. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठीं २०२३ सालीं सागवान बल्लारपूरहूनच गेलें. पण जंगल जवळ म्हणून लांकूड स्वस्तांत, बिनपावतीचें घ्यावें हा मोह वाईट. सरकारी आगारांतून निघालेला किंवा वाहतुकीचा परवाना असलेला मालच घ्यावा. तो मात्र लवकर आणून सावलींत वाळूं द्यावा. ओल्या लांकडाची चौकट पहिल्याच उन्हाळ्यांत वांकते. सारांश, लांकूड जितकें लवकर आणावें तितकें बरें, आणि सिमेंट जितकें ताजें मिळेल तितकें बरें.

दुसऱ्या वर्षीं मीं कॅलेंडर पुढ्यांत घेतलें आणि १० जूनपासून मागें मोजीत आलों. तेंदूच्या आधीं स्लॅब पडला पाहिजे; त्याच्या आधीं भिंती; त्याच्या आधीं रेती; आणि या सर्वांच्या आधीं कूलरचें माप. एप्रिलच्या मध्यास स्लॅब पडला. पुढें दोन आठवडे त्याला पाणी द्यावयाचें होतें. त्या कामास मजूर लागत नाहीं, घरचीं मुलें पुरलीं. मृगाचा पहिला पाऊस आला तेव्हां आंतील रंग अजून व्हावयाचा होता आणि दाराला कडीही नव्हती. आईनें त्याच रात्रीं आपली वळकटी त्या खोलींत नेली. अंगण भिजत होतें. विजेरी मात्र खुंटीवरच होती.