सावलीचे माप घेणारा कॅमेरा

चंद्रग्रहणाचे छायाचित्र म्हटले की सगळ्यांना तांबडा चंद्र हवा असतो. तो सुंदर दिसतो, यात वाद नाही. पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेला सूर्यप्रकाश चंद्रावर पडतो. निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि तांबडा तेवढा पोचतो. वातावरणात ज्वालामुखीचे कण साचलेले असले तर तोही अडतो. पिनाटुबोच्या 1991 मधील उद्रेकानंतर डिसेंबर 1992 च्या ग्रहणात चंद्र विलक्षण काळवंडला होता.

पण माझ्या मते खरे मोलाचे छायाचित्र त्याआधीचे, खंडग्रास अवस्थेतले. त्यात चंद्रबिंबावर पृथ्वीच्या सावलीची गोल कड उमटलेली असते. छायाचित्राची प्रत काढा, ही कड पुढे वाढवून कंपासने वर्तुळ पुरे करा. वर्तुळाचा व्यास चंद्राच्या व्यासाच्या साधारण 2.6 ते 2.7 पट भरतो. सूर्य मोठा असल्याने सावली निमुळती होत जाते आणि चंद्रापर्यंत पोचताना जवळजवळ एका चंद्रव्यासाने आखडते. तो एक परत मिळवला की पृथ्वी चंद्राच्या सुमारे 3.7 पट येते. प्रत्यक्ष गुणोत्तर 3.67 आहे! ग्रीक खगोलज्ञ अरिस्टार्कसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी याच सावलीवरून असाच हिशेब मांडला होता.

कड नीट टिपायची तर उजळ भाग जळता कामा नये. आयएसओ 100, अपर्चर एफ/8, शटर 1/125 सेकंद इथून सुरुवात करून मागेपुढे करावे. खग्रास अवस्थेत मात्र चंद्र हजारो पटींनी मंदावतो. आयएसओ 800 आणि सेकंदभराचे एक्स्पोजर लागते. ट्रायपॉड हवाच. एक्स्पोजर फार लांबवू नये, कारण चंद्र दर दोन मिनिटांना स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. 200 मिमीच्या लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा दोन मिमीपेक्षाही लहान पडते, म्हणून फोकस हाताने, चंद्राच्या कडेवरच साधावा. मोबाइलची आपोआप सजवणारी सोय बंद ठेवा. मापासाठी जसे दिसले तसेच चित्र हवे.

भारतातून चांगले दिसणारे पुढचे खग्रास ग्रहण 31 डिसेंबर 2028 च्या रात्री आहे. सावली साडेआठनंतर लागेल, खग्रास पावणेदहाच्या सुमारास सुरू होईल. थंडीत लेन्सवर दव धरते. पुसायला कोरडे कापड जवळ ठेवा आणि घरातल्या शाळकरी मुलांच्या हाती कंपास द्या.