संगणकीय लिलावातील लबाड विक्रेता : ओळख आणि तक्रार

लिलावाची कल्पना मुंबईच्या कामगार वस्त्यांना नवी नाही. भिशीच्या एका प्रकारात दरमहा जमणारी रक्कम बोलीनेच दिली जाते. ज्याची निकड मोठी तो अधिक सूट सोडून रक्कम उचलतो आणि सोडलेली सूट सर्व सभासदांत वाटली जाते. कागदपत्र बहुधा एका वहीपुरतेच असते. तरीही असे व्यवहार वर्षानुवर्षे निभावतात, ह्याचे कारण वस्तीच्या रचनेत शोधावे लागते. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या दशकात वरळीस १२१ चाळी उभारल्या. १६० चौरस फुटांच्या खोल्या, मधून जाणारा सामाईक बोळ आणि सामाईक नळ ह्यांमुळे तेथे कोणाचेच काही फार काळ झाकून राहत नसे. रक्कम उचलून पसार होऊ पाहणाऱ्याचे गाव, कामाचे ठिकाण आणि सोयरेधायरे शेजाऱ्यांना ठाऊक असत. विक्रेत्याविषयीची ही माहिती फुकट मिळत असल्याने तिचे मोल कोणास जाणवत नव्हते.

संगणकीय लिलावात नेमकी हीच माहिती नाहीशी होते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, मालाचा खरा कस विक्रेत्यासच ठाऊक असेल तर ग्राहक सरासरी मालाचीच किंमत देऊ करतो. परिणामी चांगला माल बाळगणारे बाजारातून दूर होतात. लबाड विक्रेत्याची गोष्ट तर ह्याच्याही पलीकडची आहे. त्याच्याजवळ वस्तूच नसल्यामुळे त्यास खर्च नाही, म्हणून तो प्रामाणिक विक्रेत्यास कधीच परवडणार नाही असा भाव सांगू शकतो. अतिस्वस्त भाव हे संशयाचे पहिले लक्षण मानले जाते ते ह्याच कारणाने. मात्र मुरलेला ठक फार खाली जात नाही. बाजारभावापेक्षा ग्राहकास मोह पडेल एवढाच तो उतरतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी संकेतस्थळांनी मागील ग्राहकांच्या अभिप्रायांची पद्धत काढली. १९९५ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ईबेने ती रूढ केली. भारतात २००० साली मुंबईतून सुरू झालेले बाझी हे लिलावस्थळ २००४ मध्ये ईबेने विकत घेतले. ईबेची ती भारतीय शाखा २०१८ मध्ये बंद झाली. अभिप्रायांना खरोखर किंमत आहे काय, हे पाहण्यासाठी पॉल रेझ्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्यात एकाच विक्रेत्याने सारख्याच प्रतीची जुनी चित्रपत्रे आपल्या जुन्या, नावाजलेल्या खात्यावरून आणि नव्या, अनोळखी खात्यांवरून विकली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नावाजलेल्या खात्यास ८.१ टक्के अधिक मोल मिळाले.

परंतु ज्यास मोल आहे ते चोरीस जाते, हेही ओघानेच आले. वर्षानुवर्षे पडून असलेले एखाद्याचे खाते हस्तगत करणे, किंवा क्षुल्लक वस्तू विकून अभिप्राय साठविणे व मग एकदम महाग वस्तू मांडणे, असे दोन मार्ग ह्या धंद्यात रुळले आहेत. म्हणून अभिप्राय किती आहेत ह्यापेक्षा ते केव्हाचे व कोणत्या मालाबद्दलचे आहेत, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. पूर्वीच्या हर्रासांत विक्रेत्याचीच माणसे बोली चढवीत. येथेही तो प्रकार आढळतो. एकाच विक्रेत्याच्या मालावर पुन्हापुन्हा बोली लावणारी पण कधीही न जिंकणारी खाती दिसली तर संशयास जागा आहे. विक्रेता संकेतस्थळाबाहेर, खाजगी संदेशांतून बोलण्याचा व थेट पैसे पाठविण्याचा आग्रह धरू लागला तर मात्र संशयापुरते थांबण्याचे कारण नाही. तेथे व्यवहाराची नोंद उरत नाही आणि संकेतस्थळाने दिलेले संरक्षणही लागू होत नाही.

फसवणूक उलट्या दिशेनेही होते. वरळीच्या पुनर्विकासात १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. अशा स्थलांतरात जुना लोखंडी पलंग किंवा कपाट विकण्याची वेळ कोणावरही येते. समजा, जाहिरात पाहून एकजण दूरध्वनी करतो, आपण सैन्यात असल्याचे सांगतो, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवितो आणि घासाघीस न करता सांगितलेली किंमत मान्य करतो. जुन्या पलंगासाठी घासाघीस न करणारे गिऱ्हाईक मुंबईत दुर्मीळच! पुढे तो ‘पैसे जमा होण्यासाठी’ म्हणून क्यूआर कोड पाठवितो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. घेताना तो कधीही लागत नाही. व्यक्तीव्यक्तींमधील रक्कम-मागणीची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली असली तरी कोडाची ही युक्ती शिल्लक आहेच.

फसवणूक झाल्यावर वेळेस सर्वाधिक महत्त्व आहे. १९३० ह्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदविताच रक्कम ज्या बँकेत गेली तिला सूचना जाते आणि खात्यात शिल्लक असलेली रक्कम रोखली जाते. ती पुढच्या खात्यात गेली असल्यास सूचनाही तिचा माग घेत पुढच्या बँकेकडे जाते. ठकाचे साथीदार काही मिनिटांतच पैसे अनेक खात्यांत विखुरतात, म्हणून पहिल्या तासातील तक्रार व दुसऱ्या दिवशीची तक्रार ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर पडते. तक्रार करताना व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, विक्रेत्याच्या पानाचा पत्ता व संभाषणाची छायाचित्रे हाताशी असावीत. रागाच्या भरात संभाषण पुसून टाकणे म्हणजे पुरावा आपल्या हातानेच नष्ट करणे होय.

पोलीस ठाण्याच्या हद्दीचा प्रश्न पूर्वी फार छळत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ती संगणकाद्वारे दिल्यास तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. न्यायसंहितेच्या कलम ३१८ खाली सात वर्षांपर्यंत, तर तोतयेगिरीबद्दल माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

दोन-तीन हजारांसाठी हसे कशाला करून घ्या, असे म्हणून पुष्कळजण गप्प बसतात. परंतु ठकाचा हिशेब ह्याच संकोचावर आधारलेला असतो. एकाच खात्याविरुद्ध आलेल्या लहान लहान तक्रारी एकत्र जुळल्या म्हणजेच त्याच्या व्यवसायाचे आकारमान तपास यंत्रणेस दिसते. पैसे गेले नसतील तरी संशयास्पद दूरध्वनी व संदेश मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘चक्षु’ ह्या सरकारी सुविधेवर कळविता येतात. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन एका महिन्यात निवारण करावयाचे असते. बँकेने रोखलेली रक्कम परत मिळविण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. त्यासोबत १९३० वर मिळालेला तक्रार क्रमांक व बँकेचा खातेउतारा जोडावा.